पेलोरिया : एका 'राक्षसी' फुलाची अडीचशे वर्षांची कथा

१/
इ. स. १७४२. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा मॅग्नस झिओबेर्ग नावाचा एक विद्यार्थी स्टॉकहोमलगतच्या द्वीपसमूहातील एका लहानशा बेटावर वनस्पती गोळा करीत हिंडत होता. तेथे एक परिचित रानफूल त्याला अपरिचित रूपात दिसले. त्याने ती फांदी खुडली, वाळवली आणि सोबत आणली. त्या वाळक्या फांदीने त्या काळातील सर्वांत मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सिद्धान्ताला तडा दिला. आजचा धागा त्या फुलाविषयी, आणि फुले 'बिघडतात' म्हणजे नेमके काय होते याविषयी.

२/
आधी ते मूळ फूल पाहू. लिनेरिया व्हल्गॅरिस हे युरोपात माळावर आणि रस्त्याच्या कडेला तणासारखे उगवणारे झाड. त्याची पिवळी फुले बागेतल्या स्नॅपड्रॅगनसारखी दोन ओठांची असतात. खालच्या ओठामागे मध साठवणारी एक लांब पोकळ शेपटी असते. आपल्याकडच्या तेरड्याच्या फुलामागे असते तशीच. या फुलाची डावी बाजू उजवीसारखी असते, पण वरची बाजू खालच्यासारखी नसते. झिओबेर्गला सापडलेल्या फुलांना ओठच नव्हते. ती सर्व बाजूंनी सारखी, नळीच्या आकाराची होती, आणि प्रत्येक फुलाला एकाऐवजी पाच शेपट्या होत्या.

३/
हा नमुना ओलोफ सेल्सियस या ज्येष्ठ विद्वानाकडे पोहोचला. तापमापकामुळे ज्यांचे नाव आपल्या ओठी आहे, त्या अँडर्स सेल्सियस यांचे हे काका. त्यांनी तो कार्ल लिनियसला दाखवला. लिनियस त्या वेळी पस्तिशीचा होता, वर्षभरापूर्वीच उप्सालात प्राध्यापक झाला होता, आणि त्याच्या वर्गीकरण पद्धतीची कीर्ती युरोपभर पसरली होती.

४/
लिनियसची पहिली प्रतिक्रिया इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. त्याला संशय आला की हा नमुना बनावट असावा. कोणीतरी थट्टेखातर दुसऱ्याच झाडाची फुले या फांदीला चिकटवली असावीत. म्हणून त्याने नमुना बारकाईने तपासला. फुले अस्सल निघाली. मग झिओबेर्गला मुळांसकट रोप आणण्यास सांगण्यात आले. बनावट ताम्रपट किंवा संशयास्पद पत्र समोर आले म्हणजे इतिहासकार जे करतो, तेच हे : आधी साधनाची परीक्षा, मग त्याचा अर्थ.

५/
एवढ्याशा फुलाने एवढी खळबळ का माजावी? कारण लिनियसच्या वर्गीकरणाचा पाया पुंकेसरांच्या संख्येवर आणि रचनेवर उभा होता. त्याने वनस्पतींचे २४ वर्ग पाडले होते. लिनेरियाच्या फुलात चार पुंकेसर असतात, दोन लांब आणि दोन आखूड. म्हणून ते चौदाव्या वर्गात बसे. झिओबेर्गच्या फुलात पाच समान पुंकेसर होते, म्हणजे त्याची जागा पाचव्या वर्गात. पाने तीच, खोड तेच, गंध तोच, पण फूल पाहिले की नियमानुसार ते झाड थेट दुसऱ्याच दालनात जाऊन पडे.

६/
दुसरा आघात त्याहून खोल होता. १७३६ साली लिनियसने स्पष्टपणे मांडले होते की आरंभी ईश्वराने जेवढी रूपे निर्माण केली, तेवढ्याच जाती आज अस्तित्वात आहेत. नवी जाती उत्पन्न होत नाही. तत्कालीन युरोपात हा केवळ वैज्ञानिक सिद्धान्त नव्हता, ती श्रद्धाही होती. आणि आता एका बेटावर जुन्या झाडाच्या अंगाखांद्यावर नवे रूप उभे होते.

७/
१७४४ साली या फुलावर उप्सालात एक प्रबंध सादर झाला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे विचार प्राध्यापकाचे, आणि भरसभेत त्याचे समर्थन करणारा विद्यार्थी. या प्रसंगी तो डॅनिएल रूडबेर्ग होता. फुलाला नाव मिळाले 'पेलोरिया', राक्षस किंवा अद्भुत प्राणी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. गायीच्या पोटी लांडग्याच्या तोंडाचे वासरू जन्मावे, तितकीच ही गोष्ट विलक्षण आहे, अशा आशयाची तुलना लिनियसने त्यात केली. त्याचा तर्क असा होता की लिनेरियाचा दुसऱ्या एखाद्या वनस्पतीशी संकर झाला असावा आणि त्यातून हे नवे, बियांतून टिकणारे रूप निपजले असावे.

८/
हा तर्क चुकीचा होता. पेलोरिया संकरातून जन्मलेला नव्हता. तरीही येथे लिनियसचे मोठेपण दिसते. आपल्या पद्धतीत न बसणारे फूल बाजूला सारणे, 'अपवाद' म्हणून विसरून जाणे त्याला सहज शक्य होते. त्याऐवजी त्याने ते विद्यापीठाच्या सभेपुढे ठेवले. जाती अगदीच अचल आहेत हा त्याचा आग्रह पुढील काळात सैल होत गेला, आणि संकरातून नव्या जाती उद्भवू शकतात असे तो उत्तरायुष्यात मानू लागला. त्या बदलाच्या मुळाशी असलेल्या पुराव्यांत पेलोरियाची गणना होते.

९/
लिनियसच्या आधी अशा विकृतींकडे लोक कसे पाहत? युरोपात विचित्र जन्मांचा अर्थ बहुधा दैवी इशारा असा लावला जाई. सोळाव्या शतकात त्यावर पत्रके छापली जात. बागांत मात्र उलट रीत होती. तेथे वेगळेपणाला मोल येई. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये सर्वाधिक किंमत कशाला होती? पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळ्यांवर ज्वाळेसारखे रंगीत पट्टे उमटलेल्या ट्यूलिपला. १६३७ च्या फेब्रुवारीत त्या कंदांचा बाजार कोसळला, हे आपण वाचलेले असते. ते पट्टे हा मुळात आजार होता, हे क्वचितच सांगितले जाते.

१०/
असे ट्यूलिप हळूहळू अशक्त होत जातात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ कॅरोलस क्लूसियसने सोळाव्या शतकातच टिपले होते. कारण कळायला १९२८ साल उजाडावे लागले. इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेत डोरोथी केली यांनी पट्टेदार कंदाचा भाग साध्या कंदाला जोडला आणि साध्या ट्यूलिपवरही पट्टे उमटतात हे दाखवून दिले. म्हणजे तो संसर्ग होता. आज आपण त्याला विषाणू म्हणून ओळखतो. एकाच प्रकारच्या वेगळेपणाला एका ठिकाणी अपशकुन म्हटले गेले, दुसऱ्या ठिकाणी अलंकार. 'असे का झाले?' हा प्रश्न मात्र दोन्हीकडे मागे राहिला.

११/
तो प्रश्न विचारणारा पुढचा मोठा माणूस कवी होता. योहान वोल्फगांग फॉन ग्योथे. १७८६ ते १७८८ या इटलीच्या प्रवासात पादुआ आणि पालेर्मो येथील वनस्पतिउद्यानांत हिंडताना त्याच्या मनात एक कल्पना घोळू लागली : झाडाचे सगळे अवयव एकाच मूळ अवयवाची रूपे असतील काय? १७९० साली त्याने वनस्पतींच्या रूपांतरावर १२३ लहान परिच्छेदांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच्या नेहमीच्या प्रकाशकाने ती नाकारली होती; कवीने वनस्पतिशास्त्र लिहावे, हे त्याला रुचले नसावे.

१२/
ग्योथेचा एक महत्त्वाचा साक्षीदार होता एक 'बिघडलेला' गुलाब. कधीकधी गुलाबाच्या मध्यातून, जेथे केसर असायला हवेत तेथून, देठ पुढे वाढतो. त्याला अर्धवट रंगलेल्या पाकळ्या, मग पाने येतात, जणू फुलातून फांदीच निघाली आहे. ग्योथेने असा गुलाब आणि तसेच कार्नेशन यांचे वर्णन केले आहे. त्याचा निष्कर्ष असा : फूल पुन्हा फांदी होऊ शकते, याचा अर्थ फूल ही मुळातच एक बदललेली फांदी आहे, पाकळी, केसर, बीजकोश ही सारी पानाचीच रूपे.

१३/
याचा पडताळा आपल्या परसातही घेता येतो. साध्या जास्वंदीला पाच पाकळ्या आणि मधोमध केसरांनी भरलेला दांडा. 'डबल' जास्वंद नीट उकलून पाहा : आतल्या काही पाकळ्या अर्ध्या पाकळी आणि अर्ध्या केसर असतात, कडेला परागाची पिशवी चिकटलेली. केसरांचे पाकळीत रूपांतर होताना मध्येच थांबलेली ती अवस्था आहे. आपण देवाला वाहतो ते भरगच्च फूल वनस्पतीच्या दृष्टीने विकृतच असते, कारण परागकण देणारे केसरच त्यात खर्ची पडलेले असतात.

१४/
एकोणिसाव्या शतकात ही शाखा रीतसर उभी राहिली. १८४१ साली फ्रान्समध्ये मोकँ-तांदों यांनी वनस्पतींच्या विकृतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला. १८६९ साली इंग्लंडमध्ये मॅक्सवेल मास्टर्स यांनी त्याच विषयावर बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. मास्टर्स हे बागकामाला वाहिलेल्या एका नामांकित साप्ताहिकाचे संपादक होते. विकृतींचे प्रकार आता नीट नोंदले जाऊ लागले. पण नोंद म्हणजे कारण नव्हे. कारणाच्या सर्वांत जवळ जो माणूस पोहोचला, त्याला आपण किती जवळ आहोत हे कळलेच नाही.

१५/
तो माणूस चार्ल्स डार्विन. त्याने स्नॅपड्रॅगनच्या पेलोरिक, म्हणजे पेलोरियासारख्या सर्व बाजूंनी समान फुलांच्या झाडाचा साध्या झाडाशी संकर केला. पहिल्या पिढीत सगळी झाडे साध्या फुलांची निघाली. विकृती जणू पुसली गेली. त्या झाडांच्या बियांतून वाढवलेली दुसऱ्या पिढीतील १२७ झाडे त्याने तपासली : ८८ साधी, ३७ पेलोरिक आणि २ मधली. हे आकडे १८६८ साली पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पतींवरील त्याच्या ग्रंथात छापले गेले.

१६/
१२७ चा चौथा हिस्सा सुमारे ३२. डार्विनला मिळाली ३७. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १८६६ साली, ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यावरील निबंध प्रसिद्ध झाला होता आणि त्यात नेमके हेच होते : पहिल्या पिढीत लपलेला गुण दुसऱ्या पिढीत साधारण एक चतुर्थांश संततीत पुन्हा प्रकटतो. डार्विनच्या हाती पुरावा होता, नियम नव्हता. एक पिढी दबून राहिल्यावर ती प्रवृत्ती पुन्हा बळ धरते, एवढेच तो म्हणू शकला. मेंडेलचे काम जगापुढे आले १९०० साली, डार्विनच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी.

१७/
आता थेट १९९१ मध्ये येऊ. इंग्लंडमध्ये स्नॅपड्रॅगनवर काम करणारे एन्रिको कोएन आणि अमेरिकेत मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडावर काम करणारे एलियट मायरोविट्झ यांनी संयुक्तपणे फुलाच्या घडणीचे सूत्र मांडले. फुलात बाहेरून आत चार वलये असतात : हिरवी निदले, पाकळ्या, पुंकेसर आणि बीजकोश. प्रत्येक वलयाचे रूप तीन प्रकारच्या जनुकांच्या जोडणीने ठरते. त्यांना 'अ', 'ब', 'क' म्हणू. एकटा 'अ' निदल घडवतो, 'अ' आणि 'ब' मिळून पाकळी, 'ब' आणि 'क' मिळून पुंकेसर, आणि एकटा 'क' बीजकोश.

१८/
हे सूत्र सापडले कशातून? विकृत फुलांतून. 'क' निकामी झाला तर 'अ' आत पसरतो. केसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि मध्यभागी फुलातच दुसरे फूल सुरू होते. भरगच्च गुलाबातही 'क'चे क्षेत्र आकसलेले आढळते. आणि तिन्ही जनुके एकदम निकामी केली तर? फुलाच्या जागी पानांसारखे अवयव उमटतात. ग्योथेचा गुलाब दोनशे वर्षांनी प्रयोगशाळेत साक्ष देऊन गेला.

१९/
आणि पेलोरिया? १९९६ साली कोएन यांच्या गटाने स्नॅपड्रॅगनमधील 'सायक्लोइडिया' हे जनुक वेगळे केले. कळीच्या वरच्या बाजूला ते कार्यरत असते आणि 'तू वरची बाजू आहेस' ही आज्ञा देते. ती आज्ञा मिळाली नाही तर सगळ्या पाकळ्या सर्वांत खालच्या पाकळीचे रूप घेतात. लिनेरियात शेपटी खालच्या पाकळीला असते, म्हणून पेलोरियात शेपट्या पाच. हेच जनुक वरच्या पाचव्या पुंकेसराची वाढ रोखते; ते गप्प बसले की पाचवा पुंकेसर पूर्ण वाढतो. लिनियसचे फूल चौदाव्या वर्गातून पाचव्या वर्गात का गेले, याचे उत्तर हे.

२०/
खरा धक्का १९९९ मध्ये बसला. पिलार क्यूबास, कोरल व्हिन्सेंट आणि कोएन यांनी पेलोरिक लिनेरियातील हे जनुक वाचले, तेव्हा विकृती घडवणारा कोणताही बदल त्याच्या अक्षरमालेत नव्हता. ग्रंथ शाबूत होता, पण ते पान चिकटवून बंद केले होते : डीएनएवर मिथाइल गटांचा दाट थर बसल्याने जनुक मूक झाले होते. हा थर बियांतून पुढच्या पिढीत जातो आणि कधी अंशतः उतरतोही. मग त्याच झाडावर साध्याच्या जवळ जाणारी फुले येतात. अशा बदलाला अधिजनुकीय बदल म्हणतात. निसर्गात टिकून राहिलेल्या अशा बदलाचे हे सुरुवातीच्या ठळक उदाहरणांपैकी एक. तो वंशात उतरतो हे लिनियसने ओळखले होते. त्याचे कारण ओळखण्याची साधने त्याच्या शतकाकडे नव्हती.

२१/
प्रत्येक विकृतीचे कारण जनुकातच असते असे मात्र नाही. तिळाच्या शेतात कधी फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके येतात. शेतकरी त्याला पर्णगुच्छ म्हणतात. तो रोग फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवाचा, तुडतुड्यांमार्फत पसरणारा. अशा रोगांचे कारण विषाणू असावा असा समज होता. १९६७ साली जपानी संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खरा गुन्हेगार पाहिला. काही फायटोप्लाझ्मा असे प्रथिन सोडतात, की जे फुलाचे अवयव ठरवणाऱ्या प्रथिनांचा नाश घडवते. फूल पुन्हा पान होते. ग्योथेने तर्काने चढलेला जिना हा रोग उलट उतरतो.

२२/
आणखी एक प्रकार आपल्या ओळखीचा आहे. माळरानावरचा कुर्डू आणि बागेतला मखमली कोंबडा ही एकाच जातीची दोन रूपे. कुर्डूचा तुरा निमुळता. कोंबड्याचा चपटा, रुंद, वळ्यावळ्यांचा. वाढीचा शेंडा एका बिंदूऐवजी लांब रेषेसारखा पसरला की असे होते. कोंबड्यात हा गुण बियांतून उतरतो आणि माळ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. इतर झाडांत मात्र तसेच चपटेपण जिवाणूमुळे, कडाक्याच्या थंडीने, किडीच्या इजेने किंवा निव्वळ योगायोगानेही येते. रूप एक, कारणे अनेक.

२३/
हे विसरले की काय होते, ते २०१५ साली दिसले. जपानमधील नासुशिओबारा येथील डेझीच्या फुलांचे एक छायाचित्र समाजमाध्यमांवर जगभर फिरले. फुलांचे मधले भाग पट्ट्यासारखे लांबलेले, काही जोडलेले. २०११ ची फुकुशिमा अणुदुर्घटना लोकांच्या मनात ताजी होती. किरणोत्साराचा पुरावा म्हणून ते चित्र पाठवले गेले. तज्ज्ञांनी सांगितले की ही तीच चपटेपणाची विकृती आहे, आणि ती जगात कुठेही, दुर्घटनेच्या कितीतरी आधीपासून, डेझीत आढळते. त्या दुर्घटनेत लोकांनी भोगलेले दुःख खरे होते. पण एकट्या छायाचित्रातून कारण सिद्ध होत नाही.

२४/
मित्रहो, म्हणून ही कथा केवळ फुलांची नाही. इतिहास वाचताना आपल्यासमोरही पेलोरिया येतात : ज्ञात कालक्रमात न बसणारा शिलालेख, प्रस्थापित मताला छेद देणारे पत्र. तेव्हा दोन मोह होतात. एक, ते बनावट ठरवून फेकून देण्याचा. दुसरा, आपल्या मनातल्या कथेचा पुरावा म्हणून तत्काळ मिरवण्याचा. लिनियसने पहिला मोह परीक्षेने जिंकला. दुसऱ्यातून तो पूर्ण सुटला नाही, संकराचे उत्तर त्याने घाईने दिले. पण नमुना जपला गेला, नोंद राहिली, आणि म्हणूनच अडीचशे वर्षांनंतरच्या माणसांना त्याची चूक दुरुस्त करता आली.

२५/
आता पुढच्या वेळी परसातल्या गुलाबातून फांदी निघालेली दिसली किंवा जास्वंदीच्या पाकळीवर परागाची पिशवी सापडली, तर ती खुडून टाकण्याआधी क्षणभर थांबा. छायाचित्र काढा, दिनांक लिहा, झाडाची बाकीची फुले कशी आहेत ते पाहा, पुढच्या हंगामात ते पुन्हा घडते का ते तपासा. झिओबेर्गनेही याहून फार वेगळे काही केले नव्हते. त्याने न जुळणारी फांदी फेकून दिली नाही, एवढेच.

धागा समाप्त. आपल्या बागेत असे फूल दिसले असेल तर प्रतिसादात अवश्य कळवा.